वैऱ्याच्या घरी कडू घास

सोनगीरच्या कोकिळाअक्काला पुस्तकांचं वेड कधीच नव्हतं. आपलं शिवणयंत्र बरं, रविवारची चर्चची मंडळी बरी. पण धुळ्याच्या एका जुन्या मिशन बंगल्यातून रद्दीत निघालेलं मराठी पुस्तक हाती आलं आणि बाई त्यात अडकली. गोष्ट ग्रीकांची, ख्रिस्ताच्या कितीतरी आधीची. एक म्हातारा राजा वैऱ्याच्या तंबूत जातो. ज्या हातांनी आपलं पोर मारलं त्याच हातांचा मुका घेतो आणि पोराचं प्रेत मागतो. वैरी प्रेत तर देतोच, वर म्हाताऱ्याला जेवू घालतो.

म्हाताऱ्यानं तो घास गिळला कसा? अक्काला राहवेना. शेजारच्या झुलालच्या ट्रॅक्टरखाली तिचा पोरगा समाधान गेला, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

तिनं पाळक हितेंद्रला गाठलं.

"अक्का, मूर्तिपूजकांच्या गोष्टी कशाला वाचता?"

"वा रे वा! बायबलमा प्रेषित अथेन्सले गया, तठलाच कवीसनी ओळ उपदेशमा लिधी. तुम्हीनच सांगेल शे ना?"

पाळक हसला. "सांगितलं खरं. पण त्या लोकांना प्रभू ठाऊक नव्हता."

"तेच तं! त्यासले ठाऊक नही, तरी वैरीले जेवू घालानं सुचनं. आमले बठ्ठं पाठ शे, तरी काहीच सुचत नही. आसं कसं?"

पाळकानं तिच्या हातातलं पुस्तक चाळून पाहिलं. जाताना तो पुस्तकच वाचायला घेऊन गेला.

पुढच्याच आठवड्यात झुलालची आई भिकुबाई वारली. मयताच्या घरात चूल पेटत नाही. माणसं स्मशानातून परतली की लागूनचं घर पिठलं-भाकरी नेतं आणि घरच्यांना बळेच खाऊ घालतं. त्याला कडू घास म्हणतात. लागूनचं घर अक्काचंच. सगळी गल्ली तिच्या दाराकडे डोळे लावून बसली.

अक्कानं पीठ मळलं ते दात-ओठ खाऊन. भाकरी जाडजूड झाली, एका बाजूनं करपलीही. तशीच टोपलीत घालून ती निघाली. ओसरीवर झुलाल ओल्या कपड्यांनी बसला होता. तिला पाहताच तो उठून आत पळायला निघाला.

"बठ खाले," अक्का म्हणाली.

"अक्का, तुना हातना घास माले कसा उतरी?"

"माले तेच देखनं शे."

तो बसला. पहिला घास घशातच अडला, ठसका लागला. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. दुसरा घास त्यानं आपणच मोडला.