अगदी कोकणासारखं

कोलंबोहून गॉलकडे जाणारी रेल्वे समुद्राला इतकी खेटून धावते की एखाद्या लाटेचे तुषार खिडकीतून आत येतात. आमच्या सहलीतले सगळे मोबाइल धरून दाराशी उभे होते. माझी थोरली बहीण, आक्का, तेवढी जागेवर बसून होती. माडांची एक रांग मागे गेली तशी म्हणाली, "अगदी आपल्या कोकणासारखं."

श्रीलंकेत उतरल्यापासून तिचं हेच चाललं होतं. कँडीला बुद्धाच्या दंतमंदिराबाहेर कमळं विकणारी बाई तिला गुहागरच्या फुलवालीसारखी वाटली. सिगिरियाच्या एवढ्या थोरल्या कातळाखाली ती ओल्या पाचोळ्याचा वास घेत बसली आणि तेच म्हणाली. मला वैताग यायचा. समुद्र ओलांडून यायचं ते घरच बघायला? तशी अनोळखी जागेत सुरुवातीला ओळखीचं काहीतरी धरावंच लागतं, विहिरीत पोहायला शिकणारा काठ धरतो तसं. पण आक्का काठ सोडायलाच तयार नव्हती.

"मग पुढच्या वेळी सरळ कोकणातच जाऊ या की," मी जरा तिरकसपणे म्हणालो.

तिने बाहेरची नजर हटवली नाही. रुळांलगतच्या एका परसात कुणी बाई केळीच्या आळ्यात पाणी सोडत होती.

"तिथे आता कोकणासारखं काही राहिलंय कुठे?" आक्का म्हणाली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. माडांची पुढची रांग आली, तेव्हा तिचं नेहमीचं वाक्य मीच म्हणालो.