नोव्हेंबरपर्यंत कळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा गाढवपणा माझा एकट्याचा आहे!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला, लग्नाची बायको नीला साताऱ्याला तिच्या आईकडे, आणि मधे तिचा व्हिसा. दोन वर्षं! अर्धं कपाट मी तिच्या साड्यांसाठी रिकामं ठेवलं होतं. रोज सकाळी त्या रिकाम्या हँगरांकडे बघून जीव कासावीस व्हायचा.

अशात नोव्हेंबरात ऑफिसात हेल्थ इन्शुरन्सचे फॉर्म आले. बायकोचं नाव घालायची वर्षातून तेवढीच संधी. आणि मी काय करावं? तिची जागा कोरी सोडली! म्हटलं, व्हिसा यायच्या आधी नाव लिहिलं तर नाट लागेल.

आणि फेब्रुवारीत व्हिसा आला की हो!

शेजारचे जोशीकाका म्हणाले, "अरे, तिला दमा आहे ना? इन्शुरन्स नसताना इथं हॉस्पिटलची पायरी चढलास तर घरदार विकावं लागेल. नोव्हेंबरात नाव घाल, मग बोलव तिला. तोवर काढ कळ!"

आणखी कळ? छे!

शेवटी गेलो डोरोथीकडे; पर्सोनेल खात्यात हे फॉर्म तीच बघायची. बायको येतेय, तिचं नाव आता मधेच घालता येईल का, विचारलं.

"लग्न नुकतंच झालंय का?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मग इतके दिवस बायको कुठे होती?"

"आईकडे."

"दोन वर्षं आईकडे? आणि तू इथे एकटा?"

"हो ना," म्हटलं, आणि मेलं डोळ्यांत पाणीच आलं.

आता बायको माहेरी असणं यात आपल्याला काय विशेष वाटतं, सांगा! पण डोरोथीनं माझा हातच धरला. "परत येतेय ना? मग झालं तर!" तिनं नियमांचं जाडजूड बाड काढलं. परदेशातून येणाऱ्या बायकोचं नाव ती आल्यावर महिन्याभरात घालता येतं, हे शोधूनच ती उठली.

दुपारपर्यंत ऑफिसभर झालं, याची बायको याला सोडून गेली होती! साहेबांनी खांद्यावर थोपटलं. "आता जुनं उकरून काढू नकोस." नीला येतेय ना, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत!

नीला आली. विमानतळावरून येताना कोऱ्या जागेची हकीकत मीच तिला सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ऑफिसात गेलो, तर समोर केक, आणि केकवर 'वेलकम बॅक'!

डोरोथीनं तिला जवळ घेतलं. "का गं सोडून गेली होतीस याला?"

नीलानं आधी माझ्याकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "यांनी माझं नाव नाही लिहिलं."

सगळं ऑफिस माझ्याकडे असं बघायला लागलं की मी घाईघाईनं केक कापायला घेतला!

तेव्हापासून दर नोव्हेंबरात डोरोथी माझ्या टेबलाशी हजर. मीही नीलाचं नाव सगळ्यात आधी लिहायचो, ठळक, दोनदा गिरवून. एका वर्षी त्या नादात स्वतःच्या नावापुढे खूण करायचीच राहिली. डोरोथीनं नीलाचं नाव तपासलं, माझं कोण बघतंय? वर्षभर मीच इन्शुरन्सविना!

घरी येऊन नीलाला सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि म्हणाली, "काढा आता कळ, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत!"