लाल ठिपका

एका कारखान्यातल्या वायफायच्या डब्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसतात. घरी बसून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम. आज जेवताना एक ठिपका लाल झाला.

“अगं, ही डबी सकाळपासून अडखळत होती. मला वाटलंच!” तो हळहळला. त्याने लगेच तिचं काम शेजारच्या डब्यांवर सोपवलं आणि तिला जरा निवांत ठेवलं.

त्या मेल्या डबीचा मला इतका हेवा वाटला! ती नुसती अडखळली, तरी तिच्यावरचं ओझं उतरलं. मी आठवडाभर धड बोललेले नाही. आज तर आमटीत मुद्दाम मीठच घातलं नव्हतं.

ठिपका पुन्हा हिरवा झाला. त्याने समाधानाने वाटी पुढे केली.

“आमटी वाढ गं अजून. मस्त झालीय.”