हॅचरीतली बाळंतपणं

बँकेत किंवा शाळेत काम करणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात वर्षाला दोन-चार. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी बाळंत होतं, त्यामुळे किस्सेही माशांच्याच वेगाने वाढतात! चेन्नईत, अड्यारला, आमची शोभेच्या माशांची हॅचरी, म्हणजे पैदास केंद्र, आहे. मी साताऱ्याची. नवऱ्याच्या बदलीमागोमाग इथे आले आणि ताटातल्या माशापलीकडे काही ठाऊक नसताना टाकीतल्या माशांची सुईण झाले.

माझ्या जोडीला गणपतराव. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या इकडेच. त्यांचं मराठी ऐकताना बखर वाचल्यासारखं वाटतं आणि मध्येच "अय्यो" आलं की आपण चेन्नईत आहोत हे आठवतं. गेल्या वर्षी त्यांच्या घरी लग्नानंतर आठ वर्षांनी पाळणा हलणार होता. त्यांना पंधरा दिवसांची लीव्ह हवी होती आणि मॅनेजर शिवरामन सार ती देत नव्हते. "डिलिव्हरी बायकोची, लीव्ह तुला कशाला?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

"मज दुसरें कांहीं नको, ताई," गणपतराव मला म्हणायचे. "जानकीस कळा येतील तेव्हां मीं तेथें असावें, इतकेंच."

मला फार वाईट वाटायचं. पण पुढचे बरेचसे किस्से या लीव्हपायीच झाले, हेही खरं!

* * *

एके दिवशी गणपतराव सारांना हाताला धरून फायटर माशाच्या टाकीपाशी घेऊन गेले आणि तमिळमध्ये समजावू लागले.

"बघा सार, हा बाप! तोंडाने बुडबुडे सोडून घरटं बांधलं याने. मादीने अंडी घातली आणि निघून गेली. आता एखादं अंडं खाली पडलं की हा तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. कालपासून जेवलेला नाही!"

सारांनी चष्मा लावला, वाकून चांगलं पाच मिनिटं पाहिलं. गणपतरावांना वाटलं, विरघळले!

"याने लीव्ह घेतली का?" सार म्हणाले. "ऑन ड्यूटीच आहे ना!"

* * *

मग गणपतरावांनी ऑफिसच्या भिंतीवर समुद्रघोड्याचं भलंमोठं पोस्टर लावलं. समुद्रघोडा आमच्याकडे नाही, कायद्याने ठेवताच येत नाही. पण त्यांच्यात नराच्या पोटाला पिशवी असते, मादी तिच्यात अंडी घालते आणि बाळंत होतो तो बाप. कळाबिळा सगळ्या त्यालाच.

सारांनी पोस्टर वाचलं. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग गणपतरावांच्या पोटाकडे बघून म्हणाले, "असं कर, मेडिकल सर्टिफिकेट आण. लगेच सही करतो!"

* * *

मैलापूरच्या एक मामी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडे क्लाऊनफिशची जोडी होती, रवी आणि राधा. एकदा मामी डोळे पुसतच आल्या. राधा गेली होती.

"रवी एकटा पडलाय. त्याला एक बायको द्या," मामी म्हणाल्या.

"बायको नको, मामी," मी समजावलं. "क्लाऊनफिशमध्ये मादी गेली की नरच हळूहळू मादी होतो. तुम्ही एक लहान नर घेऊन जा. रवी थोड्या दिवसांनी अंडी घालेल!"

मामी खुर्चीत बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. अर्धा ग्लास प्यायल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता मी रवीसाठी स्थळ बघायचं?"

* * *

सेल्वी आमच्याकडे टाक्या धुते. एक दिवस तिने किंकाळीच फोडली. "अय्यय्यो! आई पिल्लं गिळतेय!"

मी धावले. सिक्लिड जातीची मासोळी होती. ही मादी अंडी तोंडात धरून तीन आठवडे उपाशी राहते आणि पिल्लं बाहेर आल्यावरही जरा खुट्ट झालं की त्यांना परत तोंडात घेते. मी हे सांगितलं तशी सेल्वी रडायलाच लागली. तिला स्वतःला तीन मुलं. "पोरांसाठी तोंड शिवून बसली बिचारी!"

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर त्या टाकीच्या तळाशी डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या! सेल्वीने वळैकाप्पु केलं होतं. वळैकाप्पु म्हणजे इथलं डोहाळजेवण, त्यात गरोदर बाईचे हात बांगड्यांनी भरतात.

सार खवळले. "अगं, माशाला हात कुठे असतात?"

"म्हणून तर पाण्यात टाकल्या, सार!"

* * *

आणि तो मंगळवार.

आमच्या हॅचरीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, कारण आजवर तिघांचे टाकीत पडलेत. म्हणून गणपतरावांनी एग्मोरच्या नर्सिंग होममध्ये ऑफिसचा लँडलाइन नंबर दिला होता. जानकीच्या तारखेला अजून दहा दिवस होते. त्या सकाळी ते पुन्हा लीव्हचा अर्ज घेऊन सारांसमोर उभे होते. मीही सोबत होते, तेवढाच आधार.

सारांचं लक्ष मात्र अर्जाकडे नव्हतं. गुम्मिडिपूंडीला आमची दुसरी हॅचरी आहे. तिथे त्यांची लाडकी काळी मॉली पोटुशी होती आणि तिथून कधीही फोन येणार होता. मॉली अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि जवळ मोठा मासा असला, अगदी सख्खा बाप असला, तरी तो पिल्लं मटकावतो.

फोन वाजला. सारांनी स्पीकर लावला.

"सार, डेलिव्हरी आयिडुच्चु!" एक बाई म्हणाली. डिलिव्हरी झाली!

सार खुर्चीतून उठलेच. "किती?"

"एकच, सार."

"एकच?" सारांचा चेहरा उतरला. "निदान चाळीस तरी हवी होती!"

मग त्यांना आईची आठवण झाली.

"आई कशी आहे?"

"आई छान आहे, सार."

"मग बाकीची बापानेच खाल्ली!" सारांनी टेबलावर हात आपटला. "दहा वेळा सांगितलं होतं, वेळ जवळ आली की बापाला बाजूला काढा म्हणून!"

बाई हळूच म्हणाली, "बाप बाजूलाच आहे, सार. तुमच्याकडे. आता पाठवता का?"