झेंडूचा हार आणि पिवळा दिवा

महाराज बाडा चौकातली बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली, तेव्हापासून सूर्याजी घाडग्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाखेचा सर्व्हर तेच सांभाळत. त्याच्यावरचा हिरवा दिवा बघितल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

खंडेनवमीला घरची तलवार पुजून ते कामावर आले. दरवर्षीप्रमाणे सर्व्हरलाही कुंकू लावून झेंडूचा हार घातला, पण यंदा हार जरा दणकट आणला होता. थोड्याच वेळात हिरवा दिवा पिवळा झाला. यंत्र आतून तापत होतं.

सूर्याजींनी एसी पाहिला, पंखे पाहिले, वायरी चाचपल्या. शेवटी त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, “छोड़िए घाडगेजी, परसों तो इसे बंद ही करना है.”

सूर्याजींनी फोन आदळला आणि ते वळले, तोच त्यांची नजर हारावर गेली. हवा आत घेणारी जाळी त्यांच्याच झेंडूंनी झाकली होती. स्वतःवर चरफडत त्यांनी हार उतरवला आणि दिवा हिरवा होईपर्यंत ते समोरून हलले नाहीत.

“परवा जायचंय तर परवा जा,” ते पुटपुटले, “पण माझ्या हारानं नको.”