बेकारांची वही

चहा घ्या, पण हसणार असाल तर बशी आधी खाली ठेवा. सोलापुरातली बेकारी हटवणारा एकमेव माणूस तुमच्यासमोर बसलाय, आणि ती हटवताना त्यानं स्वतःच्या पायावर कसा धोंडा पाडून घेतला, तेच आज सांगायचंय.

मंदीचे दिवस होते. मी मॅट्रिक पास, म्हणजे रीतसर बेकार. सासरे होटगीला रेल्वेत. त्यांनी निरोप धाडला होता, "जावईबापू कायमच्या नोकरीला लागले की मुलगी पाठवू." लग्नाला वर्ष झालेलं. बायकोचा चेहरा मला अंदाजानंच आठवायला लागला होता.

तेवढ्यात शहरातल्या थोर मंडळींना शोध लागला, की गावात बेकारी आहे. गिरणीच्या दारात रोज सकाळी माणसांची झुंबड असायची, ती हवा खायला येते असा त्यांचा समज असावा. मग समिती नेमली. समितीचे साहेब मला म्हणाले, "पंधरा दिवसांत बेकार मोजून आणा. मोजणी पक्की निघाली, तर तुम्ही कचेरीत कायम."

मित्राचा कोट चढवला, शिक्का मारलेली जाड वही काखेत मारली आणि विणकरांच्या चाळीत शिरलो. नाव काय, कुठल्या खात्यातलं काम येतं, किती दिवस रिकामे? सगळं सुवाच्य अक्षरात.

आता सांगा, सोलापुरात कोट घालून नाव आणि खातं लिहून घेणारा माणूस कोण? गिरणीत माणसं लावणारा. मुकादम, नाहीतर त्याच्याही वरचा. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी मॅट्रिक होतो.

पहिल्या घरी चहा आला. दुसऱ्या घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मला वाटलं, वा, शिक्षणाला अजून मान आहे. सायण्णा विणकर घरात तेलुगू बोलायचा, माझ्यापुढं हात जोडून मराठीत म्हणाला, "रावसाहेब, नाव लागलं न्हवं माजं?"

"लागलं की. पक्कं."

"मग आमी कवा यायचं?"

"तुम्ही कशाला येताय? वरून हुकूम निघेल." मी बिचारा अहवालाबद्दल बोलत होतो.

"भावाचं बी घ्या की तेवढं."

घेतलं. दहा दिवसांत वही भरली.

त्याच आठवड्यात एका गिरणीत दुसरी पाळी सुरू होत होती. चाळीला वाटलं, हाच तो हुकूम. तिथला दगडू मुकादम आपले मंद्रूपचे पाहुणे आत घालायच्या बेतात होता. पाहतो तर दारात अख्खी चाळ उभी.

"तुमी कोण रं?"

"वहीतले," सायण्णा म्हणाला. "कोटवाल्या सायबानं लिवून नेलंय. शिक्क्याची वही हाय. वरून हुकूम हाय."

दगडूला घाम फुटला. मालकानं आपल्या नकळत माणूस फिरवला, असं त्याला वाटलं. त्यानं पाहुणे परत मंद्रूपला पिटाळले आणि चाळ आत घेतली.

मला याचा पत्ताच नाही. मी वही साहेबांपुढं ठेवली, साहेब खूश. मी लगेच सासऱ्यांना पत्र टाकलं, 'कायम झालो, सोमवारी पाठवा.' मग साहेब म्हणाले, "चला, चार घरं पडताळून पाहू."

सायण्णाची बायको दारात होती.

साहेबांनी विचारलं, "मालक कुठं आहेत?"

"कामावर."

"आणि शेजारचे?"

"ते बी कामावर." ती ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या चाळीत रिकामं कुणी न्हाय."

साहेबांनी वही मिटली. "नावं घरी बसून लिहिलीत वाटतं?" माझी नोकरी तिथंच, त्या दारात संपली. साहेब गेल्यावर बाईनं हात जोडले आणि मला आणखी चटणी बांधून दिली.

सोमवार तोंडावर आलेला. कोट मित्राला परत केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारात रांगेत उभा राहिलो. दगडूनं मला खालून वर पाहिलं.

"वहीत नाव हाय का?"

"अहो, ती वही मीच लिहिली."

रांग हसली. दगडूही हसला.

"व्हय का? आन सगळ्या गावाचं लिवून सोताचंच इसरलासा? व्हा बाजूला."