बापट सरांची हर्ड इम्युनिटी

बापट सरांचा विषय निघाला की आमच्यात एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा घुसतो. मग चहा थंड. आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमधले आम्ही मराठी मास्तर. मी फिजिक्सचा, सर बायोलॉजीचे. कोरोनात क्लास बंद झाले, स्टाफरूम मोबाईलवर आली आणि सरांच्या डोक्यात हर्ड इम्युनिटी शिरली.

"लॉकडाऊन से कुछ नहीं होता, भिया. सगळ्यांना एकदा होऊन जाऊ द्या. पसरायला माणूसच उरला नाही की रोग आपोआप थंडावतो."

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"म्हणजे तरुणांना हो. म्हातारे घरात."

*

केमिस्ट्रीच्या कुलकर्णी मॅडमना शुगर. क्लास उघडले तर त्यांना यावंच लागणार, म्हणून त्या धास्तावलेल्या. "सर, मी कशात येते? तरुणांत की म्हाताऱ्यांत?"

सर म्हणाले, "आप तो बीच वाली कॅटेगरी में हो. थोडं नुकसान देशाला सोसावंच लागतं."

त्या ऑनलाइन मीटिंगच्या होस्ट मॅडमच होत्या. पुढचा अर्धा तास सरांचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

*

एवढा धीट माणूस, पण घरी कोथिंबीर साबणाने धुवायचा. एकदा आमटीला फेस आला. त्यांच्या आईने फोन करून मला विचारलं, "तुमच्या फिजिक्समध्ये यावर काही आहे का?"

*

एकदा स्नेहलतागंजला त्यांच्या घरी पुस्तकं द्यायला गेलो. सरांनी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडली. हात मोकळे व्हावेत म्हणून मी स्कूटरची किल्ली आधी पिशवीत टाकली, आणि नेमकी मला शिंक आली. पिशवी सर्रकन वर! पुस्तकं माझ्या हातात, किल्ली वर. ती दुपारभर उन्हात वाळवून मग परत मिळाली.

*

आणि ती शेवटची मीटिंग. डायरेक्टर साहेबांना सोमवारपासून सगळ्यांना बोलवायचं होतं. मॅडमचा चेहरा उतरलेला. सर मात्र रंगात आलेले. "बिल्कुल खोलिए, सर. डरना क्या?"

तेवढ्यात त्यांच्या मागे आई आल्या. चांगली साडी, हातात पर्स, तोंडावर काही नाही. "मी खजराण्याच्या गणपतीला जाऊन येते रे. तूच म्हणतोस ना, सगळं उघडा."

सर असे उठले की खुर्ची आडवी. जाऊन दाराला पाठ लावून उभे राहिले. कॅमेरा चालू, माईकही चालू.

"आई, तू कुठेही जाणार नाहीस. तुला काही झालं तर मी काय करू?" आवाज चक्क रडवेला झाला त्यांचा.

डायरेक्टर साहेबांनी घसा साफ केला. "तो बापटजी, सोमवार से पक्का?"

सर दारातूनच म्हणाले, "अभी रुक जाइए, सर."

आईंनी पर्स टेबलावर ठेवली. "अरे, मग देशाचं काय?"